पाचाच्या टप्प्यात तेरा

माझी मावशी सव्वीस वर्षं लोकांचे कान तपासत होती. रुग्णालयाच्या तळमजल्यावर, एक्स-रेच्या पलीकडे, भिंतींना जाड फोम ठोकलेली एक कोंदट खोली होती, तिथे ती बसायची. सगळे तिला कानताई म्हणायचे, मोठे डॉक्टरसुद्धा. त्या खोलीत बाहेरचा आवाज येत नाही, त्यामुळे तिचा स्वतःचा आवाज वर्षानुवर्षं खाली खाली येत गेला होता. घरी त्याचा काही उपयोग नव्हता. काकांचा एक कान तीस वर्षं बस चालवून गेलेला. "जगाचे कान तपासते आणि घरात माझं कोणी ऐकत नाही," असं ती म्हणायची, आणि काका पेपरामागून "काय?" म्हणायचे. एकदा तपासून तरी घ्या म्हटलं, की पेपर आणखी वर जायचा.

तिचं काम मी जवळून पाहिलंय. हेडफोनचा लाल कप उजव्या कानाचा, निळा डाव्याचा. ती आधी लाल कप हातात घ्यायची, दुसऱ्या हाताने पेशंटच्या उजव्या खांद्याला हलकेच शिवायची आणि मगच हेडफोन चढवायची. पेशंट कितीही घाईत असो, यात कधी फरक नाही. मग यंत्रातून बारीक शिटी सोडायची आणि पाच-पाचाच्या टप्प्याने आवाज कमी करत न्यायचा. ऐकू आलं की पेशंटने बटण दाबायचं. जितक्या लहान आकड्यापर्यंत ऐकू येईल, तितका कान चांगला. नोकरीसाठी कान चांगले दाखवायचे असले, की काही लोक अंदाजाने बटण दाबतात. अशांना ती आवाज न सोडता नुसतीच बसवून ठेवायची, आणि त्यांनी बटण दाबलं की म्हणायची, "वा, तुम्हाला तर न वाजवलेलंही ऐकू येतं."

मला त्या रुग्णालयात चिकटवलं तिनेच. मी तिच्या थोरल्या बहिणीचा मुलगा, तिशीला आलेला, तीन नोकऱ्या भांडून सोडलेला. "संगणकात हुशार आहे, फक्त तोंडाने फाटका आहे," अशी माझी शिफारस तिने केली होती. दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या.

तेव्हा कान तपासायचं जुनं यंत्र काढून नवं आणायचं ठरलं होतं. जुन्या यंत्रात अकरा हजार पेशंटांच्या फायली होत्या आणि त्या नव्या यंत्राला वाचता येतील अशा करून द्यायच्या होत्या. फाइल उघडून बघावी तर चौकोन, प्रश्नचिन्हं आणि कचरा. या बायनरी फायली. त्यांत अक्षरं नसतात, आकडे असतात, एकाला एक चिकटलेले. कुठला आकडा कशाचा हे ठाऊक असेल तरच त्यातून अर्थ निघतो. यंत्र बनवणारी कंपनी केव्हाच बुडाली होती, विचारायचं कोणाला? शेवटी मावशी कपाटात उरलेले मोजके छापील आलेख घेऊन माझ्या शेजारी बसली. दुपारचं काम संपलं की ती हळू आवाजात वाचायची, "उजवा. दहा, दहा, पंधरा, वीस." मी तीच रांग फायलीत शोधायचो. अकराव्या दिवशी सापडली. आठ आकडे उजव्या कानाचे, लगेच पुढे आठ डाव्याचे.

त्या खटाटोपातून मी एक छोटी लायब्ररी लिहिली. म्हणजे इतरांनी आपल्या प्रोग्रामला जोडून वापरायचा तयार कोड. या जागेवरून एक आकडा वाच, त्या जागेवर दोन आकडे लिही, अशा सोप्या आज्ञा दिल्या की कसलीही बायनरी फाइल वाचता-लिहिता यायची. मी ती इंटरनेटवर सगळ्यांसाठी ठेवली. तीनशे चाळीस लोकांनी घेतली, काहींनी कौतुक लिहून पाठवलं, आणि मला शिंगं फुटली. शेजारी बसून अकरा दिवस आकडे वाचणारीचा उल्लेख मी त्यात कुठेही केला नाही. तसं काही करायचं असतं हे डोक्यातच आलं नाही.

अकरा हजार फायली मी एका सकाळी बदलून दिल्या. त्याआधी बारा फायली तपासून पाहिल्या होत्या. गठ्ठ्यात वर होत्या त्या बारा, सगळ्या ठार बहिऱ्या म्हाताऱ्यांच्या. बाराही बिनचूक निघाल्या.

पंधरा दिवसांनी मावशी एक कागद घेऊन माझ्या खोलीत आली. "हे बघ रे. हा ठिपका रेघेवर नाही, मधेच लोंबतोय. तेरा दिसतंय. आपलं जुनं यंत्र पाचाच्या टप्प्याने जायचं. दहा येईल, पंधरा येईल. तेरा कुठून येणार?"

मी तेव्हा कोणा अनोळखी माणसाच्या कौतुकाला उत्तर लिहीत होतो. मान वर न करता म्हणालो, "मावशी, नवं यंत्र बारीक दाखवतं."

"अस्सं होय," ती म्हणाली. तिचा माझ्यावर विश्वास होता. तो कागद मी हातातही घेतला नाही. हे लिहितानासुद्धा कानशिलं तापतात माझी.

मग एका शिंप्याचं प्रकरण झालं. तो सकाळी उठला तो डाव्या कानात बोळा घातल्यासारखं होऊनच. मावशीने तपासलं आणि कानाच्या डॉक्टरांना सांगितलं, "हे नवीन आहे. याला मी सहा वर्षांपूर्वी तपासलाय, डावा कान ठणठणीत होता." डॉक्टरांनी नव्या यंत्रावर जुनी नोंद काढली. तीत डावा कान तेव्हाच खराब दिसत होता. जुनंच दुखणं आहे, घाबरू नका, असं सांगून त्यांनी त्याला घरी पाठवला. तीन आठवड्यांनी दुसऱ्या रुग्णालयाची चिठ्ठी आली, की हे ताजं दुखणं होतं, पहिल्या चार दिवसांत औषध मिळालं असतं तर कान वाचला असता.

डॉक्टरांनी आम्हा दोघांना बोलावलं. त्यांनी आणखी एक्केचाळीस जुन्या नोंदी छापून काढल्या होत्या, बहुतेक सगळ्यांत तोच घोळ. आज उजवा कान खराब असलेल्यांचा जुन्या नोंदीत डावा कान खराब.

"कानताई, याचा अर्थ एकच होतो," डॉक्टर म्हणाले. "तुमच्याकडून हेडफोन कधी सरळ, कधी उलटे घातले जातात. आणि हे आजचं नाही, वर्षानुवर्षांचं आहे."

 मावशीने माझ्याकडे पाहिलं. डॉक्टरांनीही पाहिलं. "फायली बदलताना तर काही झालं नसेल?"

मला त्या क्षणी तो लोंबणारा ठिपका आठवला. नाही असं म्हणणार नाही, आठवला. पण तीनशे चाळीस लोकही आठवले. मी म्हणालो, "डॉक्टर, संगणक लाल-निळं बदलत नाही."

वाक्य खरं होतं. संगणक तसं करत नाहीच. इतकं खरं वाक्य इतक्या नीचपणे मी आयुष्यात दुसऱ्यांदा वापरलेलं नाही. दुसऱ्या दिवसापासून मावशीला कानांच्या खोलीतून काढून नंबर देण्याच्या खिडकीवर बसवलं. खोलीच्या किल्ल्या तिने न मागता परिचारिकेच्या टेबलावर ठेवल्या.

दहा दिवसांनी मला एक निरोप आला. कुठल्या तरी दूरच्या गावातला माणूस, भरतकामाची यंत्रं चालवणारा, माझी लायब्ररी टाक्यांच्या फायलींसाठी वापरत होता. त्याने फार अदबीने लिहिलं होतं, की सुई जिथे दहा पावलं सरकायला हवी तिथून पुढे त्याचं फूल वाकडं होतं. कारणही त्यानेच शोधलं होतं. काही संगणकांवर, ही फाइल आकड्यांची आहे असं मुद्दाम बजावलं नाही, तर संगणक तिला मजकूर समजतो. मजकुरात दहा हा आकडा म्हणजे ओळ संपल्याची खूण. संगणक आपला शहाणपणा करून प्रत्येक दहाच्या आधी एक तेरा घुसडतो, तिथे ओळ तशीच संपवतात म्हणून. बजावायला एक अक्षर पुरतं. वाचायच्या आज्ञेत मी ते घातलं होतं, लिहायच्या आज्ञेत विसरलो होतो. घरच्या संगणकावर फरक पडत नव्हता, रुग्णालयातल्यावर पडत होता.

 कान चांगला असला की दहा येतातच. शिंप्याच्या उजव्या कानाचे चार दहा, प्रत्येकाआधी एक तेरा, आणि पुढचं सगळं चार घरं सरकून उजव्याचेच शेवटचे चार खराब आकडे डाव्या कानाच्या रकान्यात. शेवटचे चार जादा झाले म्हणून यंत्राने टाकून दिले. बहिऱ्या म्हाताऱ्यांना दहा ऐकूच येत नाही, म्हणून माझ्या बारा फायली बिनचूक.

दुरुस्तीला दोन मिनिटं लागली. जेवणाच्या सुट्टीत, सगळे बाहेर असताना, मी अकरा हजार फायली पुन्हा बदलल्या. लायब्ररीच्या नोंदीत लिहिलं, "किरकोळ सुधारणा." भरतकामवाल्याचे आभार मानले. आणि गप्प बसलो. सात आठवडे.

या सात आठवड्यांत मी स्वतःला काय काय सांगितलं याची यादी लाजिरवाणी आहे. फायली आता बरोबर आहेत ना, मग झालं तर. मावशीची नोकरी तर आहेच, खिडकीवर बसून उलट आराम आहे. नंतर सांगू, वेळ बघून सांगू. खिडकीवरून जाताना मी फोन कानाला लावायचो, समोर कोणी नसताना. ती मात्र डबा उघडला की माझ्यासाठी झाकणात भाजी काढून पाठवायची आणि मी ती खायचो.

मग एका रविवारी सकाळी आईने मला काही कागद देऊन मावशीकडे पाठवलं. दार उघडंच होतं. बाहेरच्या खोलीत काका खुर्चीवर ताठ बसले होते, डोक्याला हेडफोन. तिने तो कुठूनसा जुना आणून एका बाजूला लाल आणि एका बाजूला निळी पट्टी चिकटवली होती. समोर मावशी.

"कुठल्या बाजूला आहे लाल?"

"उजव्या."

"नीट हात लावून सांगा."

"उजव्या, उजव्या."

तिने हेडफोन काढला, मागे ठेवला, श्वास घेतला आणि पुन्हा उचलला. शेजारी वही होती, त्यात बरोबरच्या खुणा, पानामागून पान. एकही चूक नव्हती. आयुष्यात तिला कानाला हात लावू न दिलेला तो माणूस रोज सकाळी अर्धा तास असा बसत होता, असं नंतर आईकडून कळलं.

"ये," मावशी मला म्हणाली. "बघते आहे, कुठे चुकत असेन. इथे तर चुकत नाही. तिथेच काय होत असेल कोणास ठाऊक. वयाने होत असेल का रे असं?"

मी उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. एक अक्षर, दहा, तेरा, भरतकामवाला, जेवणाची सुट्टी, सात आठवडे. काकांना अर्धं ऐकू आलं नसावं, पण त्यांनी डोक्यावरचा हेडफोन काढून मांडीवर घेतला आणि ते खिडकीबाहेर बघत राहिले. मी तिच्या शिव्यांची वाट पाहत होतो. खरं तर मला त्या हव्याच होत्या.

ती म्हणाली, "आणि तो शिंपी?"

 शिंप्याचा मी सात आठवड्यांत एकदाही विचार केला नव्हता. मी माझं ओझं उतरवायला आलो होतो.

"आणि बाकीचे एक्केचाळीस? त्यांना कोणी पुन्हा बोलावलं?"

"नाही."

"आणि तुझं ते जे लोक वापरतात, त्यांना सांगितलंस?"

"किरकोळ सुधारणा असं लिहिलंय."

तिने मान हलवली. "चल," म्हणाली, आणि चपला घातल्या. डॉक्टर रविवारी घरीच असायचे. त्यांच्या दारात तिने मला पुढे केलं आणि स्वतः पायरीवर थांबली, मी शब्द गाळत नाही ना हे ऐकत. संध्याकाळी मी लायब्ररीच्या नोंदीतली ती ओळ खोडून झालं ते सगळं लिहिलं, कोणाचा कान गेला तेही. एक्केचाळीस जणांना फोन मीच केले. शिंपी फोनवर म्हणाला, "आता त्या कानाने तुमचं ऐकूही येणार नाही," आणि हसला. मला ते हसणं सहन झालं नाही.

माझी नोकरी राहिली, माझ्यावाचून त्या फायली वाचणारं कोणी नव्हतं म्हणून. मावशीला डॉक्टरांनी सगळ्यांसमोर माफी मागून परत खोलीत बसवलं. सोमवारी तिने तीन पेशंट तपासले. तिन्ही वेळा हेडफोन घातल्यावर तिने परिचारिकेला हाक मारून विचारलं, की लाल उजवीकडेच आहे ना. चार वाजता ती माझ्या खोलीत आली.

"तू सांगितलंस ते पटलंय मला," ती तिच्या त्या हळू आवाजात म्हणाली. "चूक माझी नव्हती, कळतंय. पण हात थांबतो रे. लाल उचलला की थांबतो."

मला वाटलं धीर द्यावा. "होईल सवय, मावशी."

"सव्वीस वर्षांची सवयच होती ती," ती म्हणाली, आणि खोलीच्या किल्ल्या माझ्या हातात देऊन गेली.