बारीक लॅपटॉप आणि पाच नावं

कुणाला सांगणार नसाल तरच सांगतो. तसं सातशे माणसांनी हे डोळ्यांनी पाहिलंय, पण त्यांना फक्त शेवट माहीत आहे. आधी काय झालं ते मी आजवर बायकोलाही धड सांगितलेलं नाही.

मी सोलापुरात लग्नाचे फोटो काढतो. स्वभाव थोडा संशयी. थोडा म्हणजे, हॉटेलात चहा सांगितला की तो कुठल्या पातेल्यातून ओततात ते उठून बघतो. तर मागच्या हंगामात माझा जुना लॅपटॉप गेला. विटेसारखा जाड होता बिचारा, पण त्याला चहूबाजूंनी भोकं होती. कॅमेऱ्याचं कार्ड घाला, पेनड्राइव्ह घाला, मोठ्या स्क्रीनची वायर घाला, तो कशालाच नाही म्हणायचा नाही.

नवी पेठेतून नवा घेतला. घरी आणून बघतो तर काय, एका बाजूला दोन बारकी भोकं, बास! मी तो उलटा केला. कुठं स्टिकर लावून भोकं बुजवलीत का म्हणून नखानं कडा खरवडल्या. मग तसाच दुकानात गेलो आणि विचारलं, माझी बाकीची भोकं कुठं गेली?

दुकानदार म्हणाला, कंपनीनंच काढली, लॅपटॉप बारीक व्हावा म्हणून. आता तुम्हीच सांगा, बारीक मागितला होता कुणी? मी काय त्याचं स्थळ बघायला निघालो होतो? वर त्यानं काउंटरखालून एक पांढरी डबी काढली. डबीला वायरीची शेपटी. तिला म्हणे हब म्हणतात, आणि माझी सगळी भोकं त्या डबीत! म्हणजे आधी लॅपटॉपमधून काढून घ्यायची आणि मग वेगळी विकायची. हे सगळे आतून मिळालेले असतात, माझी खात्री आहे. हब घेतला, करतो काय? पण त्या दिवसापासून त्यावरची नजर मी हटू दिली नाही.

पुढच्याच आठवड्यात केम गावातल्या एका घरचं लग्न होतं, सोलापुरातल्या कार्यालयात. नवरी पल्लवी. तिचा भाऊ फौजेत आहे, त्याला सुट्टी मिळाली नव्हती. त्यानं निरोप रेकॉर्ड करून पाठवला होता आणि तो अक्षतांच्या आधी मोठ्या स्क्रीनवर दाखवायचा होता. पल्लवी सकाळीच मला म्हणाली, “दादा, त्याला बघितल्याशिवाय मी उभी राहणार न्हाई बघा.” तिचे डोळे तेव्हाच भरलेले होते. मी छातीवर हात ठेवून शब्द दिला.

मुहूर्त बारा पस्तीसचा. बाराला मी बॅग उघडली, तर हब नाही.

त्या डबीशिवाय स्क्रीनची वायर लावणार कुठं, माझ्या कानात? पण मी घाबरलो तरी डोकं चालवतो. लॅपटॉप उघडला आणि यादी टाइप करायला बसलो. पहिला अंबादास, मुलाकडचा फोटोग्राफर. धंद्यातला माणूस, आणखी काय सांगायचं? दुसरा स्क्रीनवाला. तिसरे नवरदेवाचे मामा, त्यांनी हब केवढ्याला पडला असं दोनदा विचारलं होतं. चौथा तो दुकानदार, दुसरा हब खपवायला इथवर आला नसेल कशावरून? पाचव्या गौराआत्या, नवरीच्या आत्या. सकाळपासून माझ्या बॅगेकडे बघत होत्या. खाली मी लिहिलं, ‘यांच्यापैकीच एक चोर.’

तेवढ्यात अंबादास आला. त्याचा जुना लॅपटॉप होता, सगळ्या भोकांसकट. हा वापर म्हणाला. मी नको म्हणालो. आपण होऊन मदत करतोय म्हणजे याच्या मनात काहीतरी असणार, नाही का?

मग मी माइकवाल्याला पुकारायला लावलं. त्याला हब कळेना. त्यानं पुकारलं, “फोटोवाल्यांची पांढरी डबी हरवली आहे, कुणी नेली असल्यास आणून द्यावी.” पुढच्या रांगेतल्या चार म्हाताऱ्यांनी आपापल्या चुन्याच्या डब्या तपासल्या.

बारा वाजून दहा. माझ्या बॅगेपाशी कोण कोण फिरकलं ते शोधायला मी कॅमेऱ्यातले सकाळचे फोटो चाळायला लागलो. रुखवताचा फोटो आला. लोकरीचं तोरण, साखरेची तुळस, पुठ्ठ्याचं बाहुलीचं घर. आणि त्या घराच्या स्वयंपाकघरात ओट्यावर, शेपटी गुंडाळून, माझा हब! कुणीतरी मिक्सर म्हणून मांडला होता.

मी पळालो. हब उचलला, तोच मनगटावर बांगड्यांचा हात पडला. गौराआत्या रुखवत राखत बसल्या होत्या.

“कुटं घिऊन चाललास?”

“आत्या, हा माझा आहे. लॅपटॉपचा.”

“लॅपटॉपचा हाय तर लॅपटॉपात का न्हाई?”

मी सगळं खरं सांगितलं. कंपनीनं भोकं काढली, डबीत घातली, वेगळी विकली.

“दारं काडून घर इकत्यात व्हय कुनी? काय बी सांगतुयास.”

चार बायका जमल्या. सगळ्यांचं एकमत झालं, फोटोवाला रुखवत चोरतोय. शेवटी मी म्हणालो, चला, लावून दाखवतो. आत्या हब पदरात धरून माझ्याबरोबर स्टेजपर्यंत आल्या. वायर लावली, स्क्रीन पेटली.

आणि स्क्रीनवर माझी यादी!

माइकवाल्याला वाटलं, मानपानाची नावं आली. त्यानं खणखणीत वाचायला सुरुवात केली. अंबादास कॉलर सरळ करत उठला. मामा फेटा सावरत स्टेजवर चढले. गौराआत्यांनी स्वतःचं नाव ऐकून पदर नीट केला. मी झडप घालेपर्यंत त्यानं शेवटची ओळही त्याच सुरात वाचली, “यांच्यापैकीच एक चोर.”

आत्यांनी हबच्या वायरीला हात घातला.

“सकाळी हितं फोटू काडताना कॅमेऱ्याचं भिंग कोन बदलत हुतं? हातातलं कुटं ठिवलं हुतंस?”

तेव्हा आठवलं. बॅगेवर विश्वास नव्हता म्हणून हब हातातच घेऊन फिरत होतो, तो ठेवला बाहुलीच्या ओट्यावर. मीच.

“मग पाच नावं झाली, सहावं राह्यलं की. लिव. न्हाईतर वडते बग वायर.”

बारा वीस. समोर पल्लवी मुंडावळ्या बांधून बसलेली. मी माझं नाव टाइप केलं. माइकवाल्यानं ते ‘श्रीयुत’ लावून वाचलं.

मग भावाचा निरोप लागला. पल्लवी रडली, हसली आणि अक्षता वेळेवर पडल्या. पुढं सत्कार सुरू झाले, तेव्हा पहिलं नाव माझंच पुकारलं. मामांनी स्वतः मला टॉवेल-टोपी दिली आणि आत्यांनी सगळ्यांत मोठ्यानं टाळ्या वाजवल्या. फोटो अंबादासनं काढला. नीट आला नाही म्हणत त्यानं मला तीनदा टोपी घालायला लावली, आणि तिन्ही फोटो चांगले आलेले होते असा माझा दाट संशय आहे.