चिमूटभर राख

हायफाँगच्या बाजारात थोआ म्हातारीला सगळे कोळी वचकून असत. खेकडा उताणा करून, पोट दाबून पाहिल्याशिवाय ती पाटीत घेत नसे. उभा जन्म तिने खेकड्याच्या रश्शातल्या शेवया विकल्या, पण एक पोकळ खेकडा कुणी तिच्या गळ्यात मारू शकलं नाही. माणसांनाही ती तसंच तपासायची, आणि सगळ्यात जास्त सुनेला.

तेतच्या सुट्टीत मुलांना युरोपातला बर्फ दाखवायचा बेत सुनेने, दिएपने, सांगितला तेव्हाच म्हातारीच्या मनात शंकेची पाल चुकचुकली. नव्या वर्षाच्या सणाला घर सोडून कोण जातं? आणि जायचं कुठे, तर प्रागला! तिथे दिएपचा भाऊ दुकान थाटून बसलेला, त्याला सदा हाताखाली माणसं हवी असायची.

मग मुलांची प्रगतिपुस्तकं भाषांतराला गेली.

"सहलीला प्रगतिपुस्तक कशाला गं? बर्फ काय पाढे विचारणार आहे?"

"व्हिसाला लागतात म्हणे, आई. ह्यांनीच सांगितलं."

कोट आले. धाकट्या चाउचा कोट तिच्या घोट्यापर्यंत लोळत होता.

"पुढच्या हिवाळ्यातही होईल," दिएप म्हणाली.

"पुढच्या हिवाळ्यात? इथे हा घालून पोर उकडून निघेल की!"

"मला नका विचारू. तुमच्या लेकाने आणलेत."

लेकाच्या नावावर पावती फाडायला ही बाई पटाईत, असं म्हातारी मनात म्हणाली. खांग म्हणजे गरीब गाय. बायको नेईल तिकडे जाणारा. कुठेतरी नक्की पाणी मुरत होतं. शेजारणीचा मुलगा असाच सहलीला म्हणून गेला होता. तिची नातवंडं आता फोनच्या पडद्यावर मोठी होत होती. आपलंही तसंच होणार, अशी म्हातारीला भीती वाटू लागली.

शेवटी तिने परीक्षा घ्यायची ठरवली. कायमचं बिऱ्हाड हलवणारा माणूस पूर्वजांच्या धूपपात्रातली चिमूटभर राख बरोबर नेतो, नव्या घरच्या देव्हाऱ्यासाठी. सहलीला जाणारा कधी नेत नाही. निघायच्या आदल्या संध्याकाळी तिने लाल फडक्यात राख बांधली आणि पुरचुंडी सुनेपुढे धरली.

"घे. तिकडे लागेल."

दिएप आधी गोंधळली, मग तिला हसूच आलं. "भलतंच काय, आई! सुट्टी संपायच्या आत परत येतोय आम्ही. ठेवा बघू जागच्या जागी."

म्हातारीच्या जिवात जीव आला. इतके दिवस पोरीवर उगाच संशय घेतला म्हणून तिला लाज वाटली. ती देव्हाऱ्याकडे वळली.

"राहू दे, आई." खांग बॅगेपाशी उकिडवा बसला होता. "इकडे दे."

त्याने ओंजळ पुढे केली.

दिएपचं हसू मावळलं. "अहो, हे काय? मला तर तुम्ही..."

खांगने तिच्याकडे पाहिलं नाही आणि आईकडेही पाहिलं नाही. ओंजळ मात्र तशीच राहिली.

लेकाला म्हातारीने कधी उलटा करून पाहिलंच नव्हतं.

तिने पुरचुंडी पुन्हा घट्ट बांधली आणि त्याच्या ओंजळीत ठेवली.

"सांडू नकोस," ती म्हणाली.