तांदळाच्या डब्यातली वेढणी

दर गुरुपुष्याला शारजाच्या रोल्लातल्या सोनाराकडून ग्रॅमभराचं वेढणं आणायचं, ही आमच्या घरची रीत. सगळी वेढणी लाल बटव्यात, बटवा बेडरूमच्या कपाटात. मुलीच्या कॉलेजसाठी जमवलेलं सोनं ते. एके दिवशी कपाट उघडलं तर बटवाच गायब.

माझा संशय सरळ आमच्या ह्यांच्यावर. बाल्कनीचं दार लावून हळू आवाजात फोन चालायचे. जुमेरा लेक टॉवर्सच्या ऑफिसातून ट्रॅफिकला शिव्या घालत येणारा माणूस हल्ली गपचूप बूट काढायचा. त्यात पुण्यात दिराने फ्लॅट बघितलेला. म्हटलं, खलास, दिलं माझं सोनं भावाला! पण विचारलं नाही. रंगेहाथच पकडायचं होतं मला.

त्या शनिवारी मुलीच्या प्रोजेक्टसाठी शारजाच्या वाळवंटातल्या म्युझियमला गेलो. काचेमागे एक मडकं होतं आणि त्यात सापडलेली चांदीची नाणी, ग्रीक राजाच्या नाण्यांवरून पाडलेली. गाइड मुलगी सांगत होती की लोक असं धन बहुतेक वाईट काळात पुरतात, लढाई आली, पळापळ झाली की. मालक परत आला असता तर हे मडकं आपल्याला दिसलंच नसतं.

"ही शुड हॅव टोल्ड समवन," आमची लेक म्हणाली.

हे काही त्या काचेपासून हलेनात. मला तर ते आणखीच चोर वाटायला लागले.

घरी आल्या आल्या मी हातातल्या पाटल्या उतरवल्या. निदान एवढ्या तरी वाचवू म्हणून तांदळाच्या डब्यात कोपरापर्यंत हात घातला, तर बोटांना बटवा लागला. आत सगळी वेढणी होती.

बटवा नेऊन ह्यांच्यापुढे ठेवला.

"विकायला नेली होती," म्हणाले. "दुकानाच्या पायरीवरून परत आलो. तू बेडरूममध्ये होतीस, म्हणून तांदळात खुपसली."

मग बाकीचं सांगितलं. नोकरी कधीच गेली होती. रोज बॅग घेऊन ते मॉलमध्ये बसायचे. बाल्कनीतले फोन नव्या कामासाठी होते. व्हिसाची मुदतही संपत आली होती.

मला रडू यायच्या आधी राग आला.

"आणि तुम्हाला काही झालं असतं, तर मला काय ती गाइड सांगायला येणार होती?"

मी पाटल्या त्याच बटव्यात टाकल्या आणि म्हटलं, सोमवारी दुकानात दोघं जाऊ.