एकोणीस नंबरचं झाकण

कारखान्यात सगळे तिला शिंपीण म्हणत. मुख्य तपासनीस तर नाक मुरडून म्हणे. परग्रहांवर जाणाऱ्या यानांना ऊन-थंडीपासून जपणारी सोनेरी पांघरुणं ती बावीस वर्षं शिवत होती. कॅमेऱ्यांवर धूळ बसू नये म्हणून घालायच्या झाकणांच्या लाल फितीही तिच्याच हातच्या.

यान निघण्याआधी प्रत्येक झाकण काढून फितीसकट फळ्यावर त्याच्या नंबरच्या खिळ्याला अडकवायचं, असा नियम होता. एकतीस खिळे भरले की यान जायला मोकळं.

फळा भरला होता, पण एकोणीस नंबरची फीत तिची नव्हती. ती प्रत्येक फीत तीन उलट्या टाक्यांनी संपवायची. ही सरळसोट शिवलेली.

"साहेब, हे झाकण यानावरचं नाही."

"मग काय आभाळातून पडलं?" तपासनीस खेकसला. "जुनं कुठंतरी हरवलं, म्हणून दुसरं लावलं. उद्या यान जायचंय."

"हरवलं नसेल तर? फीत तुटून झाकण कॅमेऱ्यावरच राहिलं असेल तर?"

"बाई, तुम्ही सुईदोरा सांभाळा. अक्कल आम्ही सांभाळतो."

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. एकोणीस नंबरचा कॅमेरा उतरताना जमीन बघणारा; तो आंधळा राहिला तर यान आपटून चक्काचूर. त्याच्याभोवतीचं पांघरूण तिनेच काल भिंगापुरतं भोक ठेवून शिवून बंद केलं होतं, आणि भोकातला काळा गोल तिला भिंगच वाटला होता. स्वतःचाही तिला संताप आला.

लेखी परवानगीशिवाय यानाला कात्री लावली तर नोकरी जाते, हे तिला पाठ होतं. तिने त्याच्या डोळ्यांदेखत टाके उसवले, पांघरुणाखाली कड अडकून राहिलेलं झाकण काढून खिशात टाकलं आणि पांघरूण पुन्हा शिवलं. तो पांढराफटक पडला. संध्याकाळी तिला काढून टाकल्याचं पत्र मिळालं. कारण लिहिलं होतं, "विनापरवाना कात्री."

सात वर्षांनी यान सुखरूप उतरलं. टीव्हीवर तपासनीस छाती फुगवून उभा, मागे तो भरलेला फळा.

"डोळ्यांत तेल घालून तपासलं होतं आम्ही," तो म्हणत होता.

"मेल्याला जनाची नाही, मनाची तरी?" नवरा उसळला. "पेपरवाल्यांना दाखव ना ते झाकण!"

"कशाला? माझ्याकडे आहे, हे त्याला ठाऊक आहे. रोज वाट बघू दे, मी कधी दाखवते याची."

तिने एकोणीस नंबरच्या झाकणातून दोन टाचण्या उचलल्या आणि गिऱ्हाइकाच्या पडद्याला लावल्या.