सुनंदाताईची मान

गोपाळकाल्याच्या आदल्या संध्याकाळी घाटकोपरच्या मैदानात आमच्या महिला होमगार्ड तुकडीचं फॉल-इन झालं. माझी ड्युटी हंडीच्या नाक्यावर लागली, सेक्शन लीडर सुनंदाताईबरोबर. ती मूळची मालवणची, राहायला मानखुर्दला, माझ्याहून बरीच मोठी. मी चौथी शिकलेली. वायरलेसवर बोलायला लाजायचे. बंदोबस्तात ती बोलायची, मी पट्ट्या बांधायचे. बांधायलाही तिनेच शिकवलं होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत नेहमीचंच काम. घोटा मुरगळला की मुलं बाम चोळायला बसतात. आम्ही चोळू देत नव्हतो. बर्फ कपड्यात गुंडाळून ठेवायचा, पट्टी बांधायची, पाय उंच ठेवायचा. हाड मोडलंय असं वाटलं तर सरळ करत बसायचं नाही. वरचा आणि खालचा सांधा हलणार नाही अशी फळी बांधायची.

एकाचा खांदा निखळला. त्याचा मित्र हात ओढून बसवायला निघाला.

"ओढ हां, ओढ," सुनंदाताई म्हणाली. "हात तुटान इलो तर घराक घेवन जा."

मुलं हसली. मी तो हात होता तसा झोळीत बांधला आणि त्याला दवाखान्यात पाठवलं.

चारच्या सुमारास मोठ्या पथकाने थर लावले. सुनंदाताई थरांकडे पाठ करून गर्दी मागे सारत होती. थर तिच्याच अंगावर कोसळले. मुलं उठली. ती उताणी पडून राहिली.

पथकांची रीत अशी की पडलेल्याला लगेच हात धरून उभं करायचं. तसेच मायेने चौघं तिच्याकडे धावले.

"मावशीला उचल रे! रिक्षात टाक!"

मी गुडघ्यांवर बसले, कोपरं जमिनीला टेकवली आणि तिचं डोकं दोन्ही हातांत धरलं.

"कोणी हात लावायचा नाही!" मी ओरडले.

"ए बाई, बाजूला हो ना! मरेल ती!"

"उचललंत तर मरेल. मानेला लागलंय."

"माझे पाय खंय गेले गो?" ताईने विचारलं.

"आहेत, ताई. हाताची बोटं हलव."

बोटं हलली. तेवढी तरी राखायची होती.

वायरलेस तिच्या खांद्याला होता. एका गोविंदाला म्हटलं, हळू काढ, बटण दाब, माझ्या तोंडाजवळ धर.

"कंट्रोल, हंडी नाका. एक जखमी. मानेला मार. ॲम्ब्युलन्स पाठवा, मानेचा पट्टा पाहिजे. ओव्हर."

"जखमी कोण? ओव्हर."

"सेक्शन लीडर सुनंदा."

पलीकडून मग, "निघाली. हलवू नका."

पट्टा चढेपर्यंत मी हात काढले नाहीत.

पाय परत आले नाहीत. हात राहिले. पुढची तीन वर्षं ती अंथरुणावरच होती, पण स्वतःच्या हाताने जेवली, स्वतःची वेणी घातली. रविवारी मी जायचे. ती बोलायची, मी ऐकायचे. घरी माझ्याशी बोलणारं कोणी नाही. बंदोबस्ताला आता नवी जोडीदार असते. चांगली आहे, मोबाइल बघते.

यंदा ताईची छाती कफाने भरली आणि ती गेली. मी युनिफॉर्म घालून मानखुर्दला गेले. तुकडीतून मी एकटीच होते. आंघोळीसाठी बायकांनी तिला उचललं तेव्हा मी पुढे होऊन तिचं डोकं दोन्ही हातांत धरलं.

"आता कशाला गं?" तिची बहीण म्हणाली.

मी तिला खाली ठेवेपर्यंत धरून राहिले.