वायसरच्या तीन शिफ्ट

“चार्ज कोनाचा?” आमचे घरमालक दारात उभे राहून विचारायचे. गॅसवरचं दूध असो की पाण्याची मोटर, दुसऱ्याला तोंडाने सांगून गेल्याशिवाय जागेवरून हलायचं नाही. भोसरीच्या एका कंपनीत तीस वर्षं फिटर होते ते. कंपनी सुटली, पण शिफ्ट काही त्यांच्या डोक्यातून सुटली नाही.

आम्ही बीडकडून चऱ्होलीला आलो तेव्हा वडील ठेकेदाराकडे होते. काम असलं तर असलं. मालकांच्या चाळीतल्या एका खोलीत आम्ही चौघं. मी जिन्यावर बसून अभ्यास केला आणि बी.एस्सी. झाले. आमच्या घरातली पहिलीच. त्या दिवसापासून मालकांनी मला नावाने हाक मारणं सोडलं. “ए ग्रॅज्युएट!” एवढीच हाक. मला ती आवडायची, खोटं कशाला सांगू?

मालकीणबाई गेल्या आणि त्यांच्याकडे कुत्र्याचं एक पिल्लू आलं. नाकाला शेपूट लावून असं गोल झोपायचं की नटाखालच्या चकतीसारखं मध्ये नीट भोक दिसायचं. फिटरच ते, नाव ठेवलं वायसर.

एका रविवारी सकाळी मागच्या मोकळ्या प्लॉटमध्ये वायसर केकाटला. विटांच्या ढिगाशी घोणस होती. जाडजूड, अंगावर साखळीसारखी नक्षी, कुकरसारखी फुसकारत विटांत शिरली. वायसरचं थोबाड बघता बघता सुजलं.

मी रिक्षा घेऊन येईपर्यंत मालक त्याला पट्ट्याला धरून गल्लीत फिरवत होते. दुसऱ्या हातात ताट आणि चमचा. वायसर दोन पावलं टाकून बसायचा, की मालक गुडघ्यावर ताट टेकवून चमच्याने बडवायचे.

“झोपला की इख चढतंय! आमी समदे असंच करत आलोय.”

“मालक, आधी उचला त्याला.”

“तुला काय कळतंय?”

“ग्रॅज्युएट कोण म्हणतं मला? मग ऐका की!”

त्यांनी गुपचूप उचललं.

दिघीच्या प्राण्यांच्या डॉक्टरबाई वयाने माझ्याएवढ्याच. “चालवलंत का याला?”

“व्हय.”

“चालवल्याने विष लवकर पसरतं, काका. अजिबात हलवायचं नाही. झोपला तर झोपू द्यायचं.”

मालकांनी हातातलं ताट हळूच पाठीमागे नेलं. ते रिक्षातून तसंच आलं होतं.

बाईंनी वायसरचं थोडं रक्त काचेच्या नळीत घेऊन टेबलावर ठेवलं. वीस मिनिटांत गोठलं पाहिजे म्हणाल्या. वीस मिनिटांनी नळी तिरपी केली, तर रक्त पाण्यासारखं वाहिलं. सलाइनमधून विषावरचं औषध सुरू झालं. मालक बाकावर बसून होते. सलाइनच्या थेंबांकडे बघत म्हणाले, “ह्याच्यासंगं बोलतो म्हनून घरात बोलनं हाय, पोरी. न्हाईतर भिताडाशी बोलायचं का?”

 मी त्यांच्याशेजारी जाऊन बसले.

दुपारी दुसरी नळी तिरपी केली. रक्त तळाशी गोळा होऊन बसलेलं, जागचं हललं नाही. मी कंपनीत क्वालिटीला, माल पास-नापास करायला आहे हे मालकांना ठाऊक. त्यांनी डॉक्टरांना सोडून मला विचारलं, “पास?”

“पास.”

मग त्यांनी उपरण्याने जे तोंड पुसायला घेतलं ते किती तरी वेळ पुसतच राहिले.

दोन दिवसांनी वायसर घरी आला आणि मालकांनी चाळीत तीन शिफ्ट लावल्या. पहिली त्यांची, दुसरी आईची, तिसरी पुन्हा त्यांचीच. भिंतीवर कागद चिकटवला. वरची ओळ त्यांच्या मोठ्या, तिरक्या अक्षरात होती: ‘कुत्रं चालवलं. चूक माझी.’ खाली नोंदी: ‘पाणी प्याला.’ ‘शू लाल नाही.’ ‘शेपूट हालली, एकदा.’

ताट वाजवणारा हा माणूस आता आवाजावर पहारा देऊ लागला. कुकर लावायचा तर दार बंद करून. भंगारवाल्याला गल्लीच्या तोंडाशीच अडवून चहा पाजला. “वायसर झोपलाय, राव! भंगार उद्या गोळा कर.” आईने फोडणी दिली तरी हे ओठावर बोट ठेवून उभे.

“मालक, आता मोहरीला काय सांगू?” आई म्हणाली.

“सांग की, दमानं तडतड म्हनावं.”

आठव्या दिवशी वायसरने दुधात कुस्करलेली अर्धी भाकरी खाल्ली. थोबाडाची कातडी झडून नवी आली, पण ओठ एका बाजूला वर ओढलेला राहिला. तेव्हापासून तो सतत हसतोय असंच वाटायचं. “माज आलाय त्याला,” मालक अभिमानाने सांगायचे. “घोनस पचवलीय.”

मालक मागच्या पावसाळ्यात गेले. वायसर आता आमच्याकडे असतो. म्हातारा झालाय, कानाने कमी ऐकतो. त्या घोणशीनंतर चार वर्षं मालकांच्या घरात रोज बोलणं ऐकू येत होतं. आम्ही तेवढं वाचवलं.