न झटकलेली घोंगडी
दमट लोकरीचा वास आला की मला गावचा पार आठवतो. पिंपरीकडं नुकते कारखाने येत होते, साठ सालाच्या आधीची गोष्ट. आमच्यात रीत अशी, की ज्याची तक्रार असेल त्यानं वडाच्या पारावर घोंगडी अंथरून बोलायचं आणि बोलून झालं की ती झटकायची. तोवर त्याला कुणी उठवायचं न्हाई. कारखान्याला जमिनी गेल्या, तसा पारही तारेच्या आत गेला. माझा थोरला भाऊ तार ओलांडून तिथं घोंगडी टाकून बसला. "शेतं दिली, पार दिला न्हाई," म्हणाला. मुकादम म्हणाला, "राव, जागा कंपनीची हाय. बाहेर जाऊन बोला की." भाऊ हसला. "बाहेर बोलायला मी काय भाजी विकतोय?" सारं गाव तारेबाहेर उभं होतं. शिपायांनी त्याला मारत, फरफटत नेलं. घोंगडी मी तारेखालून ओढली आणि तशीच गुंडाळली. भाऊ परत आला तो खाटेवर, आणि त्या खाटेवरून उठला न्हाई. वड तोडला, तिथं आता गेट हाय. आज सुनेनं घोंगडी उन्हात काढली. "मामंजी, झटकू का? लई धूळ हाय." म्हटलं, "राहू दे. त्याचं बोलून झालं न्हाई अजून."